दुसऱ्याचा टॅग

सोमवारी सकाळी अश्विन साठवणे याने डोळे उघडले, तेव्हा खिडकीतून आत आलेले ऊन त्याच्या छातीवरून सरकत हनुवटीपर्यंत पोहोचले होते. ऊन हनुवटीला लागले म्हणजे सात वाजून गेले, असे त्या खोलीचे गणित होते. अश्विनला साडेपाचला उठायचे होते.

तो धडपडत स्वयंपाकघरात गेला. ओट्याच्या वरच्या खिळ्याला त्याचा फोन रात्रभर चार्जिंगला टांगलेला असे. गजर बंद करण्यासाठी तरी अंथरूण सोडून तेरा पावले चालावे लागावे, एवढाच त्यामागचा हेतू. आज त्या खिळ्याला फोन नव्हता. फोनसोबत लोंबणारा लाल पुठ्ठ्याचा टॅगही नव्हता. त्याने न्हाणीघराच्या दाराकडे पाहिले, गॅसच्या शेगडीकडे पाहिले, पाण्याच्या माठाकडे पाहिले. घरातले सातही खिळे जागच्या जागी होते, आणि सातही उघडे होते.

"टॅग कोणं काढले?" तो ओरडला.

बाहेरच्या छपरीत वर्तमानपत्र वाचत बसलेल्या त्याच्या वडिलांनी, महादेवरावांनी, मानही वळवली नाही. "मी काढले. काल सोनिकाले पाहायले पाव्हणे येणार होते ना. भिंती अशा दिसून राह्यल्या होत्या, जशी कबाडीची दुकान."

"मंग पाव्हणे गेल्यावर वापस काहून नाही लावले?"

"मी का तुहा नोकर हाय?" म्हणून वडिलांनी पान उलटले.

भांडायला अवधी नव्हता. साडेआठच्या आत त्याला कारखान्याच्या फाटकावरच्या हजेरीच्या यंत्रावर बोट टेकवायचे होते, आणि रस्ता पाऊण तासाचा होता. भांडण त्याने गिळले. पण ते पोटात उतरले नाही, घशातच अडकून राहिले.

हे लाल टॅग काय होते आणि एका तेहतीस वर्षांच्या, संसारी, नोकरदार माणसाचे प्राण त्यांत का गुंतले होते, हे कळण्यासाठी थोडे मागे जाणे आवश्यक आहे.

अश्विन नागपूरच्या बाहेर, कोळशावर वीज निर्माण करणाऱ्या एका केंद्रात पॅनलवर बसत असे. पॅनल म्हणजे भिंतभर दिवे, काटे आणि आकडे. त्यांच्यावर डोळा ठेवून बॉयलर सांभाळायचा. इतरांना धडकी भरवणारी ती जागा अश्विनला घरापेक्षा अधिक मानवत असे. चार काटे एकदम हलू लागले की त्याचे मन जेवढे शांत होई, तेवढे ते एरवी कधीच होत नसे. परंतु दर तासाला ते आकडे नोंदवहीत उतरवण्याचे साधे, नीरस काम होते, आणि तिथेच तो फसला. एकाच महिन्यात दोनदा, दुपारी तीनचा रकाना रिकामा राहिला. दोन्ही वेळा कुणाचे काही बिघडले नाही. पण रिकामा रकाना तो रिकामा रकानाच. त्याला पॅनलवरून उठवून स्टोअरमध्ये बसवण्यात आले. तेथे दिवसभर नटबोल्टांच्या खोक्यांखेरीज बोलायला कोणी नसे.

त्यानंतर तो धंतोलीतल्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेला. बाईंनी तीन भेटींत त्याचे सगळे बालपण उकरून काढले: शाळेत हरवलेल्या बावीस छत्र्या, अर्धवट सोडलेला आयटीआयचा पहिला कोर्स, गॅसवर करपलेले दूध. मग त्यांनी या प्रकाराचे नाव सांगितले: एडीएचडी.

"तुमचा मेंदू आळशी नाही," बाई म्हणाल्या. "त्याला वेळ दिसत नाही. जे समोर नाही ते त्याच्यासाठी जगातच नाही. म्हणून झोप, चालणं, नाश्ता, गोळी, सगळं ठरल्या वेळी; आणि जे विसरता ते डोळ्यांसमोर टांगा."

बाईंनी टांगा म्हटले, आणि अश्विनने खरोखरच टांगले. कारण टांगण्याची विद्या त्याला कारखान्याने शिकवली होती. यंत्र दुरुस्तीला घेतले की दुरुस्ती करणारा माणूस त्याच्या बटणावर स्वतःच्या नावाचा लाल टॅग बांधतो. त्या क्षणापासून त्या बटणाला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. काम संपल्यावर ज्याने बांधला त्यानेच तो सोडायचा. साहेब असो, साहेबाचा साहेब असो, दुसऱ्याच्या टॅगला कोणी शिवत नाही. कारण त्या टॅगच्या पलीकडे, यंत्राच्या पोटात, एक जिवंत माणूस शिरलेला असू शकतो. आणि सगळे टॅग परत आल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही.

अश्विनने जोड्यांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, लाल रंगवून सात टॅग केले. ऊठ. चालून ये. आंघोळ. नाश्ता. गोळी. डबा. हेल्मेट आणि ओळखपत्र. प्रत्येकाखाली नाव लिहिले: अश्विन. रात्री झोपण्यापूर्वी सातही खिळ्यांवर टांगायचे. सकाळी एकेक काम झाले की तो टॅग सोडून दाराजवळच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा. आणि सातही डब्यात पडल्याशिवाय गाडीच्या किल्लीला हात लावायचा नाही.

घरचे हसले. पण ते चालले. सोळा दिवस चालले. मग ऑगस्टमध्ये त्याला डेंगू झाला, दहा दिवस अंथरुणात गेले, आणि उठला तेव्हा सगळे विस्कटले होते. टॅग टांगलेले असत आणि तो त्यांच्याकडे पाहत बसे. ज्यांनी हे भोगलेले नाही त्यांना हे सांगून पटत नाही, की अशा माणसासाठी मोडलेला नेम पुन्हा धरणे हे पहिल्यांदा धरण्यापेक्षा अवघड असते. पेटता बॉयलर सांभाळायला दोन माणसे पुरतात. थंड पडलेला बॉयलर पेटवायला अख्खी शिफ्ट लागते. अश्विनजवळ शिफ्ट नव्हती. तो एकटाच होता, आणि त्याच्या कानाशी "मनावर घे, मनावर घे" म्हणणारी माणसे होती. जणू मन हे एखादे पोते होते, आणि ते उचलून कुठे ठेवायचे एवढेच त्याला ठाऊक नव्हते!

तरी त्याने पेटवला. केंद्रातले ठवकर साहेब त्याला म्हणाले होते, "साठवणे, सलग एकवीस दिवस साडेआठच्या आत बोट टेकव. डॉक्टरचं पत्र आण. मी तुले पॅनलवर घेतो. पण दिवाळीच्या आधी यादी वर जाते. तिच्यात तुहं नाव नसलं तं ती खुर्ची दुसऱ्याची झाली, अन् तू कायमचा स्टोअरचा." त्याप्रमाणे अठरा दिवस पुरे झाले होते. सोमवार, मंगळवार, बुधवार; तीनच दिवस उरले होते.

आणि रविवारी, सुट्टी म्हणून टॅग दिवसभर भिंतीवरच असताना, पाहुणे आले.

मौद्याहून आलेल्या त्या मंडळींना आणणे, कचोरी आणणे, पुन्हा बर्फ आणणे आणि सरतेशेवटी त्यांना मौद्यापर्यंत पोहोचवून येणे, या सगळ्या धावपळीत अश्विनचा रविवार गेला. परतल्यावर त्याने अंथरुणावर अंग टाकले. टॅग टांगायची आठवण देणारी एकच वस्तू त्या घरात होती, ती म्हणजे टॅग. आणि ते भिंतीवर नव्हते.

तर आता त्या सोमवारकडे वळू.

अश्विनने गिझर लावला. पाणी तापेपर्यंत फोन शोधावा म्हणून तो आतल्या खोलीत गेला. आईने पाहुण्यांच्या बॅगा ठेवायला जागा करताना चार्जर तिकडे नेला होता, आणि रात्री मौद्याहून परतल्यावर त्याने फोन तिथेच लावून टाकला होता. गजर तिथे बंद दाराआड एकटाच वाजून थकला होता. फोन हाती आला, तर पाहुण्यांचे सतरा फोटो आलेले. ते पाहता पाहता टॉवेल घ्यायला त्याने कपाट उघडले, तर कपाटाचे दार खाली ओघळले. एक पेच ढिला होता. एकच पेच. तो पेचकस शोधायला गेला.

बिजागरी उत्तम बसली. इतकी उत्तम, की दार एका बोटाने लागू लागले. त्या दारातल्या आरशात त्याने स्वतःला पाहिले. दाढी वाढलेली, अंगावर कालचा बनियन, हातात पेचकस. मागच्या भिंतीवरच्या घड्याळात आठला तीन मिनिटे कमी होती.

त्या क्षणी त्याला स्वतःचा जेवढा संताप आला, तेवढा जन्मात दुसऱ्या कुणाचा आला नव्हता. तो आंघोळीविना, नाश्त्याविना, गोळीविना, डब्याविना निघाला. फाटकावरच्या यंत्रावर बोट टेकवले तेव्हा यंत्राने आकडे दाखवले: आठ त्रेचाळीस.

ठवकर साहेबांच्या टेबलासमोर तो हात बांधून उभा राहिला.

"साहेब, तेरा मिनिटं."

"तेरा असो का तीन. तुह्यासाठी मशीनचं घड्याळ मागं करू का?"

"अठरा दिवस झाले होते, साहेब."

"मले माहीत हाय. मी भी मोजून राह्यलो होतो." साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता, आणि तेच अश्विनला अधिक झोंबले. "उद्यापासून एक. यादी जायले कामाचे बावीस दिवस हाय. म्हणजे एक दिवस फालतू हाय तुह्यापाशी. सांभाळ."

दिवसभर तो स्टोअरमध्ये बसून होता. उपाशी पोटाने, गोळीविना, त्याचे मन पत्र्यावर पडलेल्या शेंगदाण्यांसारखे चहूकडे उड्या मारत होते. पण त्या प्रत्येक उडीच्या शेवटी एकच चित्र होते. वर्तमानपत्राचे पान उलटणारा वडिलांचा हात.

कारण, आणि हेच सर्वांत असह्य होते, महादेवराव काही परके नव्हते. याच केंद्रात बत्तीस वर्षे काढून ते फोरमन म्हणून निवृत्त झाले होते. टॅग म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही असा माणूस त्या घरात शोधायचा तर तो महादेवराव नक्कीच नव्हे. त्यांच्या नावाने एक गोष्ट आजही केंद्रात सांगितली जाते, आणि ते स्वतः तर ती प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगतात. कोळसा वाहून नेणारा पट्टा बंद होता. त्याखाली बाबाराव नावाचा फिटर शिरला होता. रामाजी नावाच्या मदतनिसाला घाई झाली, म्हणून त्याने बाबारावचा टॅग तोडला आणि बटणाकडे हात नेला. महादेवरावांनी धावत जाऊन तो हात धरला आणि भर शिफ्टसमोर रामाजीच्या थोबाडीत दिली.

या माणसाने टॅग काढले होते. सातच्या सात.

संध्याकाळी अश्विन घरी आला तेव्हा सगळी मंडळी बैठकीत चहा घेत होती. वडील खुर्चीत. आई प्रेमिलाबाई आणि बहीण सोनिका दिवाणावर. पत्नी हर्षा, जी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला असल्यामुळे पहाटे सहालाच घर सोडत असे, ती टीपॉयवर कप मांडत होती.

"पोचला का टायमावर?" आईने विचारले.

"तेरा मिनिटं उशीर. अठरा दिवस पाण्यात गेले."

"अरे देवा," हर्षा म्हणाली. "मी उठवलं होतं ना तुम्हाले? 'उठलो' म्हणाले."

"मी झोपीत काहीही म्हणतो, तुले माहीत नाही का वं? म्हणूनच तं फोन टांगतो. म्हणूनच तं टॅग टांगतो!"

"तेरा मिनिटांसाठी एवढा चिल्लावून राह्यला," महादेवराव बशीतला चहा फुंकत म्हणाले. "आमच्या टायमाले कोणाले होती अशी बिमारी? भोंगा वाजला का माणूस उठे. पुठ्ठे टांगून कोणी उठते काय गा? मनावर घ्या लागते. भैताडासारखा घरभर लाल चिंध्या लावून ठेवतो, अन् उठला नाही तं बापाच्या नावानं बोंबलतो."

"भिंती कबाडीसारख्या दिसत होत्या म्हणून काढले तुम्ही?"

"हो."

"खरं सांगा."

महादेवरावांनी बशी तोंडाला लावली. प्रेमिलाबाईंना गप्प बसणे जमले नाही.

"आता खरं म्हणजे काय रे बापू," त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या, "भिंतीवर 'गोळी घे' लिहून होतं. त्या मौद्याच्या बाईनं विचारलं असतं, कोणाची गोळी, काहून घेते, तं काय सांगतलं असतं मी? पोरीच्या लग्नाचं काम हाय. लोक म्हणतील, भावाच्या डोक्यात फरक हाय."

"आई, माझ्या नावावर नको टाकू," सोनिका ताडकन म्हणाली. "मी म्हटलं होतं, राहू दे. ज्याले दादाच्या गोळीची शरम वाटते त्याच्या घरी मले जायचंच नाही."

"तू गप बस वं! मोठी आली."

तर असे होते. भिंतींची शोभा नव्हती, लाज होती. अश्विनला वाटले, आपण ओरडू. पण तो स्वतःच्या हातांकडे पाहत राहिला. डेंगूमध्ये अंगावर जसे लाल ठिपके उठले होते, तसा त्याला आता आपल्या नावाचा प्रत्येक टॅग आपल्याच अंगावर उठलेला वाटू लागला. झाकावा असा, पाहुण्यांना दिसू नये असा.

"हर्षा, तू होती तिथं?"

हर्षाने नजर चुकवली नाही. "मीच पिशवी धरली होती. बाबा काढून देत होते, मी टाकत होती. मले भी शरम वाटली, अहो. एकच दिवस वाटली. खोटं कशाले बोलू?"

"वा!" अश्विन म्हणाला. "वा, छान!" आणि त्याने खाली मान घातली.

तेव्हा त्याला ते दिसले.

बैठकीतला टीपॉय नेहमी डुगडुगत असे. आज तो डुगडुगत नव्हता. त्याच्या एका पायाखाली लाल पुठ्ठ्याची चौपदरी घडी सारलेली होती. अश्विनने वाकून ती ओढली. टीपॉय कलला, दोन कप आडवे झाले, चहा फरशीवर वाहू लागला. कोणी पुसायला उठले नाही. त्याने घडी उलगडली. पायाच्या दाबाने पुठ्ठा फाटला होता, तरी अक्षर वाचता येत होते: गोळी. आणि खाली, अर्धेच उरलेले, त्याचे नाव.

"पाव्हण्यांचा चहा सांडू नये म्हणून…" महादेवराव म्हणाले.

अश्विन वडिलांच्या खुर्चीसमोर जाऊन उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तो त्यांच्यासमोर मान खाली न घालता उभा होता.

"बाबा, रामाजीले काहून मारलं होतं तुम्ही?"

"त्याचं इथं काय काम?"

"सांगा ना. दर लग्नात सांगता. लोक जेवण सोडून ऐकते. आज मले सांगा."

"तुले माहीत हाय. त्यानं बाबारावचा टॅग तोडला होता."

"बाबाराव दिसून राह्यला होता का त्याले, पट्ट्याच्या खाली?"

"नाही."

"मंग? त्या बिचाऱ्याले वाटलं असंल, कोणी नाही आत. पट्टा चालू करा लागते, काम खोळंबलं हाय. वाईट मनात नव्हतं त्याच्या. मंग काहून मारलं?"

"दिसो का न दिसो!" महादेवराव खुर्चीचे हात धरून पुढे झुकले; बत्तीस वर्षांचा फोरमन त्यांच्या आवाजात आपोआप उभा राहिला. "दिसो का न दिसो, टॅग दुसऱ्याचा असला तं आपण हात…"

वाक्य तिथेच तुटले. चहाचा ओघळ त्यांच्या चपलेपर्यंत आला होता. त्यांनी पाय मागे घेतला नाही.

"काल मी आत होतो, बाबा," अश्विन म्हणाला.

महादेवराव उठले आणि छपरीत निघून गेले. प्रेमिलाबाई पोतेरे घेऊन फरशी पुसू लागल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. पण अश्विनने ते पाहायचे नाही असे ठरवले. आजवर कुणाच्या ना कुणाच्या डोळ्यांत पाणी आले की त्यानेच माफी मागायची असा त्या घराचा रिवाज पडून गेला होता. शाळेत छत्री हरवली तेव्हाही असेच. आज त्याने माफी मागितली नाही. तो आतल्या खोलीत गेला, जोड्याच्या खोक्याचे झाकण कापले आणि नवा पुठ्ठा लाल रंगवू लागला. रंग कडेबाहेर जात होता.

हर्षा दारात येऊन उभी राहिली. "मी रंगवू?"

"नको."

"जेवाल तरी?"

"जेवीन. गोळीची वेळ गेली, पण जेवणाची नाही गेली." आणि थोड्या वेळाने, रंग वाळवण्यासाठी फुंकर मारत, "तू खरं बोलली ते बरं केलं. पण मले राग हाय. तो एवढ्यात जाणार नाही."

"नको जाऊ देऊ," हर्षा म्हणाली, आणि ताटे वाढायला गेली.

जेवण झाल्यावर महादेवराव पिशवी घेऊन आत आले. त्यांनी पिशवी पलंगावर पालथी केली. "सहा हाय. मोजून घे."

अश्विनने मोजले. सहा होते. त्याने सातवा, ओला, शेजारी ठेवला.

"त्या सातव्यावर माझं नाव टाक," महादेवराव म्हणाले.

"काहून?"

"टॅग तोडणाऱ्याचं नाव लिवून ठेवा लागते. थोबाडीत मारली ते सारे सांगतात. पुढचं कोणी सांगत नाही, मी भी नाही सांगत. नाव लिवल्यावर त्याले आठ दिवस त्याच मशीनपाशी उभं ठेवत. काही करायचं नाही. नुसतं उभं राहायचं, ज्याचा टॅग त्यानं काढेपर्यंत. रामाजीले मीच ठेवलं होतं, आठ दिवस, उन्हात." त्यांनी रिकाम्या पिशवीची घडी घातली. "रडला होता तो."

अश्विनने वडिलांकडे पाहिले. वडील माफी मागत नव्हते. त्यांना माफी मागण्याचे शब्दच ठाऊक नव्हते. त्यांना फक्त शिक्षा देणे ठाऊक होते, आणि ती ते आज स्वतःला देत होते. हे पाहून राग वितळावा, असे एखाद्याला वाटेल. अश्विनचा वितळला नाही. वीस वर्षे "आळशी" ऐकलेल्या माणसाचा राग एका संध्याकाळी वितळत असेल तर तो रागच नव्हे.

"साडेपाचले उभं राहा लागते," तो म्हणाला.

"राहीन."

"बोलायचं नाही. 'मनावर घे' म्हणायचं नाही."

"नाही म्हणत."

त्याने लाल पुठ्ठ्यावर, स्वतःच्या नावाखाली, लिहिले: महादेव. 'राव' लिहिले नाही. टॅगवर कोणी राव नसतो.

मंगळवारी साडेपाचला गजर वाजला. अश्विन अंथरुणात पडून राहिला. शरीर जड होते, आणि मन म्हणत होते की एक दिवस फालतू आहे, तो आजच वापरून टाकावा. गजर वाजतच राहिला. कोणीतरी तो बंद करील म्हणून त्याने वाट पाहिली. कोणी बंद करीना. शेवटी चिडून तो तेरा पावले चालला.

ओट्याजवळ, फोनपासून हातभर अंतरावर, महादेवराव उभे होते. अंगात स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट. फोन त्यांच्या कानाशी ठणाणा करत होता, आणि ते दोन्ही हात पाठीमागे बांधून त्याच्याकडे नुसते पाहत होते.

अश्विनने गजर बंद केला. पहिला टॅग सोडला. डब्यात टाकला.

दोघे मैदानाकडे निघाले. मुले अजून आली नव्हती. एक म्हातारा कुत्र्याला फिरवत होता, आणि चहाच्या टपरीवाल्याची शेगडी नुकतीच धुरू लागली होती. अर्धी फेरी होईतो महादेवरावांनी वचन पाळले. मग त्यांना राहवले नाही.

"हात हलवून चाल जरा. असं लुळं…"

"बाबा."

"बरं."

आणखी एक फेरी झाली.

"रामाजीच्या टायमाले…"

"बाबा, गप चाला!"

ते गप चालले. त्यांना धाप लागत होती, तरी ते मागे पडले नाहीत.

घरी आल्यावर महादेवराव न्हाणीघराच्या दाराशी उभे राहिले, मग शेगडीशी, मग माठाशी. अश्विन जिथे जिथे गेला तिथे तिथे ते दोन हात पाठीमागे बांधून, रामाजीसारखे, उभे राहिले. प्रेमिलाबाईंनी दोन उकडलेली अंडी आणि मटकीची उसळ समोर ठेवली. त्यांनी पाण्याचा पेला भरायला हात पुढे केला, तेव्हा अश्विन म्हणाला, "मी घेतो." त्याने गोळी घेतली, पट्टीवरचा रिकामा खड्डा बोटाने चाचपला आणि दोन नावांचा टॅग सोडला.

सहा टॅग डब्यात पडले. सातवा, हेल्मेटचा, दाराजवळच्या खिळ्याला होता. अश्विन ओळखपत्र शोधू लागला. ते कालच्या पँटच्या खिशात होते, पँट बादलीत होती, आणि घड्याळ पुढे सरकत होते. महादेवराव घड्याळाकडे पाहू लागले. सात चौतीस. सात छत्तीस. उशीर म्हणजे काय हे त्या माणसाला बत्तीस वर्षे रक्तात भिनलेले होते. त्यांचा उजवा हात पाठीमागून सुटला, खिळ्याकडे गेला, टॅगची दोरी बोटांनी धरली. एवढा एक काढून टाकला की पोरगा निघेल.

बादलीतून ओले ओळखपत्र घेऊन आलेला अश्विन दारातच थबकला. त्याने वडिलांच्या बोटांकडे पाहिले.

महादेवरावांनी दोरी सोडली. हात पुन्हा पाठीमागे नेला, आणि या वेळी दुसऱ्या हाताने तो मनगटाशी घट्ट धरून ठेवला.

अश्विनने ओळखपत्र सदऱ्याला पुसले, गळ्यात अडकवले, हेल्मेट घेतले. मग सावकाश, मुद्दाम सावकाश, स्वतःच्या हाताने सातवा टॅग सोडून डब्यात टाकला आणि किल्ली उचलली. सात वाजून एकोणचाळीस मिनिटे झाली होती.

"उद्या भी साडेपाच," तो वडिलांकडे न पाहता म्हणाला. "सात दिवस राह्यले तुमचे."

"माझे सात," महादेवराव म्हणाले. "तुहे वीस."

त्याने गाडीला किक मारली. राग अजून होता, घशापाशी, कालच्याच जागी. पण पोटात अंडी होती, गोळी होती, आणि मागच्या पिशवीत डबा.